बिनफरशीच्या गॅरेजला पाया कशासाठी?

गेल्या उन्हाळ्यात एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांचे आम्हांला पत्र आले. शाळेने आपल्या जीपगाडीसाठी कारखान्यात तयार झालेले पत्र्याचे गॅरेज विकत घ्यायचे ठरवले होते. सुटे भाग येतात, बोल्ट आवळले की दोन दिवसांत गॅरेज उभे राहते. पैसे वाचवण्यासाठी आत काँक्रीटची फरशी करायची नाही, जमीन तशीच ठेवायची, असे ठरले. पत्रातला प्रश्न सरळ होता. "गॅरेज इतके हलके आहे की चार माणसे त्याची एक बाजू उचलतात. मग त्याला पाया हवाच कशाला? आणि हवा असेल तर किती?"

प्रश्न वाचून आम्हांला काही वर्षांपूर्वी पाहिलेले एक दृश्य आठवले. काळ्या मातीच्या प्रदेशातील दुसऱ्या एका शाळेत असेच गॅरेज होते. एप्रिलमधल्या वळवाच्या वादळात ते उडाले आणि मैदानापलीकडे उताणे पडले. दुपारची वेळ होती, शाळा सुटलेली होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. जीप मात्र जागच्या जागी उभी, तिच्यावर ओरखडाही नाही. आम्ही गेलो तेव्हा लक्ष वेधून घेतले ते गॅरेजच्या पायांनी. काँक्रीटचे सहाही ठोकळे बोल्टांसकट वर आले होते, मुळा उपटावा तसे. बोल्ट तुटले नव्हते, पत्रा फाटला नव्हता. जमिनीनेच त्यांना सोडून दिले होते.

पाया म्हटला की वरचे ओझे जमिनीवर पसरवणारी रचना आपल्या डोळ्यांसमोर येते. घराच्या बाबतीत ते खरे आहे. या गॅरेजचे काय? समजा ते ३ मीटर रुंद, ६ मीटर लांब आणि २.२ मीटर उंच आहे. छप्पर, तीन भिंती आणि दार मिळून सुमारे ५८ चौरस मीटर पत्रा लागतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा चौरस मीटरला साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे पत्रा २६० किलो. सांगाड्याचे १४० किलो धरू. एकूण वजन ४०० किलो. हे वजन २० सेंटिमीटर चौरसाच्या सहा बेसप्लेटांवर आले, तर जमिनीवर चौरस मीटरला सुमारे १,६७० किलो भार पडतो. आता ६५ किलो वजनाचा माणूस दोन पायांवर उभा आहे असे समजा. त्याच्या तळव्यांचा जमिनीला टेकलेला भाग साधारण ३५० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर चौरस मीटरला १,८५० किलो येतात. म्हणजे उभा माणूस जमिनीला जेवढा दाबतो, तेवढेही हे गॅरेज दाबत नाही. ओझे पेलण्यासाठी त्याला पाया नको, हे शिक्षकांचे म्हणणे बरोबरच आहे.

पण वारा काय करतो ते पाहू. वाहत्या हवेचा दाब तिच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळतो. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली, तर दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रतिसेकंद असेल तर दाब न्यूटन प्रति चौरस मीटर मिळतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात गावोगावचे संकल्पनासाठीचे वाऱ्याचे वेग दिले आहेत. पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर (ताशी १४० किलोमीटर), मुंबई आणि नागपूरसाठी ४४. हा वेग रोजच्या वाऱ्याचा नाही, क्वचित येणाऱ्या तीन सेकंदांच्या झोताचा आहे. पण गॅरेज उडायला तीन सेकंद पुरतात. ३९ चा वेग घेतला तर दाब येतो ९१२ न्यूटन.

हा वारा छपराच्या कडेवर आदळून वर फेकला जातो, छपराला सोडून जातो, आणि त्याखाली कमी दाबाचा पट्टा तयार होतो. (पुष्कळ पुस्तकांत इथे विमानाच्या पंखाचे गुळगुळीत चित्र काढून बर्नुलीचे नाव घेतात. धारदार कडेच्या खोक्याला ते चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही, एवढे वर्गात सांगावे.) छपराच्या काही भागात ही ओढ कमी, कडेला जास्त असते. सोयीसाठी सरासरी ओढ ९१२ न्यूटनच धरू. छपराचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. एकूण ओढ सुमारे १६,४०० न्यूटन, म्हणजे १,६७५ किलो वजनाइतकी, आणि ती वरच्या दिशेने. गॅरेजचे वजन ४०० किलो! उडालेल्या गॅरेजचे ठोकळे आम्ही मोजले होते. प्रत्येक ३० सेंटिमीटरचा घन, वजन ६५ किलो. सहांचे मिळून ३९० किलो. गॅरेज धरून ७९०. यापुढे स्पष्टीकरणाची गरज नसावी.

तरी एक बाब राहिलीच. त्या दिवशी दार अर्धवट उघडे होते. वाऱ्याकडे तोंड असलेले दार उघडे राहिले की आतली हवा दाबली जाते आणि ती छपराला खालून ढकलते. वरून ओढ, खालून ढकल. दोन्ही मिळून उचल सहज दीडपट होते, म्हणजे सुमारे २,५०० किलो. विद्यार्थ्यांना हे दाखवायचे तर पुठ्ठ्याचे खोके घ्या. बूड काढून टाका, एक बाजू दारासारखी उघडी करा आणि टेबलपंख्यासमोर ठेवा. आधी बंद बाजू पंख्याकडे करा, मग उघडी. दोन्ही वेळा खोके जागेवर राहावे म्हणून वर किती नाणी ठेवावी लागतात ते मोजा.

आता फरशीकडे येऊ. १८ चौरस मीटरची १० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची फरशी म्हणजे १.८ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला २,४०० किलो या हिशेबाने तिचे वजन ४,३२० किलो. आपण तिला गाडी उभी करण्याची जागा समजतो. पण गॅरेज तिला बोल्टने जखडलेले असेल, तर ती त्याचा नांगरही असते. शिवाय ती सहाही पाय एकमेकांना बांधून ठेवते, त्यामुळे एखादा पाय सरकून चौकट तिरकी होत नाही. फरशी गाळली की ही दोन्ही कामे बेवारस होतात. बिनफरशीच्या गॅरेजच्या पायाला ती उचलावी लागतात. शाळेने वाचवलेल्या पैशांचा काही भाग इथे परत खर्च होणार, हे आम्ही पत्राच्या उत्तरात पहिल्याच ओळीत लिहिले.

काम दोघांचे असले तरी खर्च फरशीइतका होत नाही, कारण वजन म्हणून काँक्रीटच वापरले पाहिजे असे नाही. खड्ड्यातून काढलेली माती फुकटच असते. युक्ती अशी. सहा ठिकाणी ९० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे घ्यावेत. तळाशी सळयांची जाळी घालून २० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा चौथरा करावा. त्यातून २५ सेंटिमीटर चौरसाचा खांब जमिनीच्या वर १५ सेंटिमीटर येईपर्यंत उचलावा. उरलेल्या खड्ड्यात माती परत भरून धुमसाने ठोकावी. आता चौथरा वर यायचा म्हटला तर डोक्यावरची अर्धा घनमीटर माती घेऊनच यावा लागेल. माती सुमारे ८३५ किलो, काँक्रीट ५१५, मिळून प्रत्येक पायाला १,३५० किलो. सहा पायांचे ८,१०० किलो. काँक्रीट लागले अवघे १.३ घनमीटर. सरळ ठोकळा आणि हा पसरट पाय यांत फरक तोच, जो मुळा आणि जमिनीत आडवा पुरलेला दगड यांत असतो.

८,१०० हा आकडा गरजेपेक्षा फार मोठा वाटेल. पण वादळ आणि पाऊस बरोबरच येतात. जमीन पाण्याने तुडुंब भरली की आर्किमिडीजचा नियम लागू होतो. बुडालेल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला २,४०० ऐवजी १,४०० किलोच भरते, चिंब मातीचे तर ८०० च्या आसपास. हिशेब पुन्हा केला तर सहा पायांचे ४,३०० किलो उरतात. २,५०० च्या उचलीला आणि बाजूच्या भिंतीवर येणाऱ्या रेट्याला एवढा वाव हवाच. खांबातल्या सळया मात्र चौथऱ्याच्या जाळीत वाकवून अडकवलेल्या असाव्यात. काँक्रीट दाबाला खंबीर आणि ताणाला दुबळे असते. सळई नसेल तर खांब चौथऱ्यापासून तुटून निघेल आणि माती धरून बसलेला चौथरा खालीच राहील.

जमीन काळी असेल तर आणखी एक शत्रू खालून येतो. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जड इमारत हे फुगणे थोडेफार दाबून धरते, हलके गॅरेज ते करू शकत नाही. मातीचा स्वभाव शाळेतच तपासता येतो. बारीक चाळलेली कोरडी माती प्रत्येकी १० ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरून ढवळा आणि २४ तासांनी खाली बसलेल्या मातीचे घनफळ वाचा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीपेक्षा निम्म्याहून अधिक जास्त जागा व्यापत असेल तर सावध व्हावे. काळा थर मीटर-दीड मीटरच असेल, तर तो खणून खालच्या मुरमात चौथरा बसवावा आणि वर काळी माती न भरता मुरूमच भरावा. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची जी पद्धत विकसित केली, तिचे तत्त्व इथेही उपयोगी पडते. थर फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रूढ केलेले, तळाशी कंदासारखे फुगवटे असलेले खोल पाये घ्यावे लागतात. गॅरेजसाठी तो खर्च परवडणारा नाही. त्यापेक्षा जागा बदललेली बरी.

दुसरे बेवारस काम होते चौकट काटकोनात ठेवण्याचे. गवंड्याने उभारलेल्या भिंतीत चार बोटे इकडेतिकडे झाली तर तो विटांनी सावरून घेतो. तयार गॅरेजची भोके कारखान्यात पाडलेली असतात, ती काही मिलिमीटरही सरकत नाहीत. आणि कोन एका अंशाने चुकला तर ६ मीटरच्या टोकाला साडेदहा सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून आखणी गुण्यावर न सोडता कर्ण मोजावेत. ३ आणि ६ मीटर बाजूंच्या आयताचा कर्ण ६.७०८ मीटर. कोन ९० ऐवजी ८९ अंश झाला, तर दोन कर्णांत ९ सेंटिमीटरहून अधिक तफावत येते, ती साध्या टेपनेही कळते. मात्र समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हे आधी पाहावे. नुसते कर्ण समान असलेला चौकोन समलंबही असू शकतो, हे नववीच्या वर्गाला मैदानावर दोरी धरून पटवण्याची ही चांगली संधी आहे. खांबांची डोकी एका पातळीत आणायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, फक्त तिच्यात बुडबुडा राहू देऊ नये.

बोल्ट काँक्रीटमध्ये बसवताना बेसप्लेटच्या मापाची भोके पाडलेली फळी वर ठेवावी आणि काँक्रीट निदान सात दिवस ओले ठेवावे. आतल्या जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावर ठोकलेला मुरूम घालावा. नाहीतर जमिनीतली ओल वाफ होऊन थंडीच्या पहाटे पत्र्याला खालून दवासारखी धरते आणि गाडीवर ठिबकते.

शिक्षकांनी उत्तरादाखल पायांच्या आखणीचा नकाशा पाठवला. विद्यार्थ्यांनीच काढलेला, कर्णांसकट. एका खड्ड्यात ७० सेंटिमीटरवरच मुरूम लागला, तिथे थांबावे का, असे त्यांनी विचारले आहे. आम्ही कळवले की मुरूम चांगला असला तरी खोली ९० च ठेवा. थांबायचे नाही, कारण इथे जमिनीचा टणकपणा नव्हे, तर चौथऱ्यावर बसणारे वजन मोजायचे आहे.