टिओमन बेट ते महाबळेश्वरची गुहा
लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण माकडताप पाहिला. आज निपाह.

जून २०२१ मध्ये या आजाराचं नाव आपल्या सातारा जिल्ह्याशी जोडलं गेलं. पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली होती. त्यांच्यात निपाहचा माग सापडला. आपल्या खंडाळा तालुक्यापासून महाबळेश्वर काही लांब नाही, तेव्हा धास्ती वाटणं साहजिक होतं. पण वटवाघळात निपाह शोधायचा, हे शास्त्रज्ञांना सुचलं कसं? त्यासाठी मलेशियात जावं लागेल.

१९९८ च्या सप्टेंबरपासून तिथे मेंदूज्वराची साथ पसरली. जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारण्या झाल्या, लसी टोचल्या, तरी साथ हटेना. जपानी मेंदूज्वर बहुतेक करून मुलांना गाठतो. इथे दगावत होते ते वराहपालनात राबणारे धडधाकट पुरुष. शिवाय त्यांची डुकरंही आजारी होती, लांबवर ऐकू जाईल असं खोकत होती. मार्च १९९९ मध्ये डॉ. कॉ बिंग चुआ यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून नवा विषाणू वेगळा केला, तोच निपाह. साथ आवरेपर्यंत १०५ माणसं गेली आणि दहा लाखांवर डुकरं मारावी लागली.

डुकरांना हा विषाणू दिला कोणी? फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती, म्हणजे विषाणू त्यांच्या अंगातून गेल्याची खूण होती. जिवंत विषाणू मात्र हाती लागत नव्हता. रात्रभर दूरदूर फिरणाऱ्या प्राण्याचा पाठलाग करणार तरी कसा? चुआ यांच्या पथकाने पूर्व किनाऱ्याजवळचं टिओमन बेट गाठलं. वटवाघळं लटकत त्या झाडांखाली त्यांनी प्लास्टिक अंथरलं, वरून पडलेलं मूत्र टिपून घेतलं, अर्धवट खाऊन टाकलेल्या फळांवरून बोळे फिरवले. मूत्रात निपाह मिळाला, उष्ट्या फळावरही मिळाला. हे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं आणि साखळी जुळली. मलेशियातल्या सुरुवातीच्या बाधित फार्मवर फळझाडं डुकरांच्या वाड्याला खेटून होती. वटवाघळांनी टाकलेली फळं डुकरांच्या तोंडी जात.

बांगलादेशात तर मधल्या डुकरांचीही गरज पडली नाही. खजुरीतून मडक्यात झिरपणारा रस वटवाघळं रात्री चाटतात, हे कॅमेऱ्यांनी टिपलं. सकाळी तोच रस कच्चा पिणारे आजारी पडत. बांबूची चटई बांधून मडकं झाकलं की वटवाघूळ रसापर्यंत पोचत नाही, इतका साधा उपाय निघाला. केरळात २०१८ साली मात्र लागण माणसातून माणसाला, बरीचशी रुग्णालयांतच झाली.

महाबळेश्वरचा अभ्यास याच वाटेवरचा आहे. विषाणू वटवाघळात असणं वेगळं आणि माणसात साथ येणं वेगळं. या दोहोंच्या मध्ये उष्टं फळ, उघडं मडकं किंवा आजारी जनावर यांपैकी काहीतरी बहुधा असतं. तो दुवा तोडणं आपल्या हाती आहे. गुहेत धूर करून किंवा झाडं तोडून वटवाघळं हुसकावणं हा उपाय नव्हे. त्याने ती पांगतात आणि नव्या जागी माणसाच्या जवळ येतात. परागीभवन आणि बी पसरवणं हे त्यांचं कामही थांबतं.

मलेशियाचा सगळ्यात मोठा धडा मला पशुवैद्यकाचा वाटतो. डुकरांच्या खोकल्याची दखल वेळीच घेतली गेली असती तर पुष्कळ जीव वाचले असते. खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली जमेची बाजू. गोठ्यात किंवा वाड्यात एकाच वेळी बरीच जनावरं आजारी पडली, तर घरगुती इलाजात दिवस घालवू नका, पशुवैद्यकाला कळवा. घरात कुणाला ताप असेल, तर डॉक्टरांना जनावरांच्या आजाराबद्दलही सांगा. चोच किंवा दात लागलेलं फळ पोरांच्या हाती देऊ नका, जनावरांपुढेही टाकू नका. आणि गुहेतल्या वटवाघळांना त्यांच्या जागी सुखाने राहू द्या.