जुनी स्विफ्ट पारखताना

2005 मध्ये भारतात आलेल्या मारुती स्विफ्टचे गोलसर, ठसठशीत रूप आजही ग्राहकाला भुरळ घालते. मात्र चकाकता रंग हा गाडीच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे. बॉनेट उघडल्यावर मडगार्डच्या बोल्टांवरील रंग खरवडलेला दिसला, तर तो पत्रा बहुधा कधीतरी उतरवला गेला आहे, असे समजून अपघाताची चौकशी करावी. टायरच्या कडेवर त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेले असते, म्हणजे 2319 हा 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडीच्या मीटरवर जेमतेम वीस हजार किलोमीटर दिसत असताना चारही टायर गाडीपेक्षा बऱ्याच नंतरचे असतील, तर त्या मीटरवर विश्वास ठेवण्यापूर्वी सर्व्हिसिंगच्या नोंदी मागणेच शहाणपणाचे ठरते.

कागदपत्रांची बाजू रूक्ष असली तरी फसगत बहुधा तिथेच होते. आरसीवर हायपोथेकेशन, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा, नोंदलेला असल्यास तो फॉर्म 35 द्वारे उतरवल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये, आणि मालकी हस्तांतराचे फॉर्म 29 व 30 आरटीओत दाखल झाल्याची पावती स्वतःजवळ ठेवावी. विम्याचा 'नो क्लेम बोनस', म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, विक्रेत्याकडेच राहते, त्यामुळे वाढणारा हप्ता सौद्याच्या हिशेबात आधीच धरावा.