कवेलू फिरले, संसार जागेवर

जुन्या लॅपटॉपवरचं लिनक्स नव्या आवृत्तीवर न्यायचं म्हटलं की पहिली धास्ती एकच: माझं काही जाणार तर नाही ना? कामरगावात दोन जीबी रॅमच्या यंत्रावर सोयाबीनच्या चुकाऱ्यांचा हिशेब, लेकरांचे फोटो आणि खटपटीनं बसवलेला मराठी कीबोर्ड सांभाळणाऱ्याला तर ती वाटणारच. पण मिरगाच्या आधी कवेलू फेरताना खालचा संसार हलवावा लागत नाही, आणि लिनक्सची रचनाही नेमकी तशीच आहे.

याचं सर्वांत देखणं उदाहरण आपल्याच राज्यात येऊन गेलं. 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (ओएलपीसी) या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, साठवण अवघी 1 जीबी. आत फेडोरा लिनक्सची छाटलेली आवृत्ती आणि तिच्यावर मुलांसाठी बनवलेला ‘शुगर’ हा डेस्कटॉप.

या यंत्राचा ‘ओएलपीसी-अपडेट’ हा प्रोग्राम पाहिला की थक्क व्हायला होतं. जुन्या सिस्टिमला तो हातच लावत नसे. तिच्या शेजारी नवी उभी करायचा आणि ज्या फाइली बदलल्या तेवढ्याच उतरवायचा. न बदललेली फाइल दोन्हीकडे दिसे, पण डिस्कवर तिची प्रत एकच! म्हणून 1 जीबीतही दोन सिस्टिम मावत. मध्येच वीज गेली तरी जुनी शाबूत. नवी पटली नाही तर सुरू करताना गोल खुणेचं बटण दाबून धरायचं, की मागची आवृत्ती हजर. आणि मुलांची चित्रं, त्यांची नोंदवही, त्यांनी टाकलेले प्रोग्राम? ते सगळं ‘होम’ या वेगळ्या फोल्डरात असे. दोन्ही सिस्टिम त्याच घराकडे बघत.

आजच्या लुबंटू किंवा डेबियन या लिनक्सांत जुनी सिस्टिम अशी शेजारी उभी राहत नाही, पण घर वेगळं ते वेगळंच. ‘होम’मध्ये नुसती कागदपत्रं नसतात. नावाआधी टिंब असलेली लपलेली फोल्डरं असतात, त्यांत पडद्याच्या रंगापासून ब्राउझरच्या बुकमार्कपर्यंत सगळं साठतं. अपग्रेड त्याला हात लावत नाही. प्रोग्रामांच्या फाइली बदलतात, पण कोणते प्रोग्राम बसवले आहेत याची यादी सिस्टिमकडे असतेच. त्यांच्या नव्या आवृत्त्या ती त्या यादीवरूनच आणते.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो सिस्टिमच्या सामायिक सेटिंगचा, म्हणजे ‘ईटीसी’ फोल्डरातल्या फाइलींचा न्याय. प्रोग्राम बसवणारा डेबियनचा ‘डीपीकेजी’ प्रत्येक अशी फाइल देताना तिचा ठसा, एक लांबलचक आकडा, नोंदवून ठेवतो. अपग्रेडच्या वेळी तीन ठसे ताडून बघतो: आधी दिलेली फाइल, आत्ता यंत्रात असलेली आणि नव्यानं आलेली. तुम्ही काही बदललं नसेल तर नवी गुपचूप बसते. फक्त तुम्हीच बदललं असेल तर तुमची राहते. दोन्हीकडे बदल असेल तरच तो थांबून विचारतो. ‘डी’ दाबलं तर फरक दाखवतो, नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच फाइल ठेवतो. वर्षांपूर्वी केलेला एका ओळीचा बदलही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. लुबंटूनं 2018च्या ऑक्टोबरात एलएक्सडीई सोडून एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप घेतला. जुन्या सेटिंगच्या फाइली घरात तशाच राहतील, पण त्या वाचणारा प्रोग्रामच उरला नाही. म्हणून 18.04 या आवृत्तीवरून पुढे थेट अपग्रेड करण्याची शिफारस लुबंटूवालेच करत नाहीत. अशा वेळी ‘होम’ची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा देऊन आपण बसवलेल्या प्रोग्रामांची यादी त्याच डिस्कवर ठेवावी, आणि नवी सिस्टिम कोऱ्या जागेवर टाकावी. यादी काही केबीची भरते, आणि बहुतेक प्रोग्राम तिच्यावरून परत बसवता येतात.