प्रवाळाचं थंड जेवण, सुरतेच्या उकाड्यात

दिवाळीनंतर सुरत ओस पडते. हिऱ्यांचे कारखाने सुट्टीवर जातात, यंत्रमागांची खडखड थांबते, सौराष्ट्रातली माणसं बसगाड्या भरभरून गावाकडे निघतात, आणि लिंबायत, उधना, डिंडोलीतली खानदेशी कुटुंबं ताप्ती लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगावची वाट धरतात. घरात गोड्या पाण्यातले मासे असतील तर त्यांचं काही अडत नाही. टाकीच्या कडेला बसवलेला खाद्याचा डबा ठरल्या वेळी फिरतो आणि चिमूटभर दाणे पाण्यात पडतात. अडतं ते खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यांचं. प्रवाळाचं खाणं पातळ असतं, बऱ्याचदा जिवंत असतं आणि फ्रीजबाहेर टिकत नाही. पाल भागात सुरत महापालिकेच्या जगदीशचंद्र बोस मत्स्यालयात देखभालीला माणसं असतात. कुलूपबंद घरात ते काम यंत्राकडून करून घ्यायचं, तर ते यंत्र कसं असावं याचा हा विचार आहे.

मुळात सुरतेच्या समुद्रात प्रवाळ नाही. डुमसची काळी वाळू किंवा सुवालीचा किनारा पाहिला की कारण समजतं. तापीने आणलेला गाळ आणि खंभातच्या आखाताची मोठी भरती-ओहोटी यांमुळे इथलं पाणी कायम गढूळ असतं. गुजरातचं प्रवाळ कच्छच्या आखातात, पिरोटन बेट आणि नरारा या भागात आहे, आणि १९८२ पासून त्या पट्ट्याला सागरी राष्ट्रीय उद्यानाचं संरक्षण आहे. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, आणि विजयदुर्गपासून बरंच आत, खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवर तर त्याचा मोठा विस्तार आहे.

यातलं काहीही घरी आणायचं नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. नराऱ्याला ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ बघता येतं, खिशात घालून आणता येत नाही. घरच्या टाकीत असतात ती मऊ प्रवाळं, आणि तीसुद्धा कुठून आली, कागद काय आहेत, हे विचारूनच घ्यावीत. माशांच्या बाबतीत आता चांगला पर्याय आहे. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने क्लाउनफिशचं बीजोत्पादन केंद्र उभं केलं आहे. असे टाकीतच जन्मलेले मासे घेतले की समुद्रावरचा भार तेवढा कमी होतो.

आता खाण्याकडे येऊ. अनेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते दिवसा प्रकाशावर साखर तयार करतं आणि यजमानाला पुरवतं, म्हणून चांगले दिवे असले की अशा प्रवाळाचं बरंचसं भागतं. तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस साखरेतून मिळत नाहीत. त्यांच्यासाठी रात्री बारीक बोटं पसरून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडावे लागतात. काही प्रवाळांकडे हे शैवाल अजिबात नसतं. डेंड्रोनेफ्थिया हे मऊ प्रवाळ त्यातलंच. गुलाबी, केशरी, लाल रंगांच्या पारदर्शक फांद्या आणि टोकांना फुलांसारखे झुबके, इतकं देखणं की दुकानात बघताक्षणी माणूस पैसे काढतो. टाकीत आलं की ते काही आठवड्यांत आक्रसतं आणि मरतं. अनेक वर्षं यामागचं कारण नीट उमगलं नव्हतं. १९९५ साली कॅथरिना फॅब्रिशियस, येहुदा बेनायाहू आणि अमात्झिया गेनिन यांनी ‘सायन्स’मध्ये तांबड्या समुद्रातला अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्रवाळ मुख्यतः वनस्पतिप्लवकावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शैवालावर जगतं, असं त्यात दिसून आलं. प्राणिप्लवक त्याच्या हाती फारसं लागतच नाही. हौशी लोक त्याला कोळंबीचा चुरा घालत होते आणि ते उपाशी मरत होतं.

यातून जेवणाची रीतही ठरते. समुद्रात प्रवाह थांबत नाही, त्यामुळे घास लहान असला तरी येत राहतो. घरी दिवसातून एकदा वाटीभर हिरवं पाणी ओतलं तर बहुतेक भाग फिल्टरमध्ये जातो, उरलेला कुजतो आणि प्रवाळाच्या वाट्याला अर्ध्या तासाचं जेवण येतं. तेच खाणं आठ-दहा वेळा विभागून, विशेषतः दिवे मालवल्यावर दिलं तर उपयोगी पडतं. रात्री अकरा, एक, तीन, पाच वाजता उठून हे करणं कोणाला जमणार? सुट्टीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी यंत्राची गरज उरतेच.

अशा यंत्राची कल्पना मात्र हौशी लोकांची नाही. सुरत जिल्ह्यात ओलपाड आणि चोर्यासी तालुक्यांत खाडीकाठी कोळंबीचे तलाव पसरले आहेत, आणि कोळंबीचं बी जिथे तयार होतं त्या हॅचरीत थंड, जिवंत खाद्याचं तंत्र जुनं आहे. पिल्लांना आर्टेमिया नावाच्या इवल्या जलचराची अंड्यातून नुकती फुटलेली अळी लागते. ती अळी उबेत ठेवली तर स्वतःच्याच पोटातली चरबी खर्च करत राहते, आणि दिवसभरात तिचा कस उतरतो. म्हणून हॅचरीत अळ्या दाट गोळा करून ४ अंशांच्या आसपास थंड ठेवतात. दर लिटरला ८० लाखांपर्यंत अळ्या अशा अवस्थेत २४ तास तग धरतात. थंडीत त्या जवळपास निजतात, चरबी शाबूत राहते, आणि दिवसातून एकदाच अंडी उबवूनही थोडं-थोडं खाद्य अनेक वेळा देता येतं. घरच्या टाकीसाठी आपण हेच छोट्या मापात करतो.

आता फ्रीज. बाजारात गाडीत ठेवायचे हलके, स्वस्त, आवाज न करणारे छोटे फ्रीज मिळतात. त्यात कॉम्प्रेसर नसतो, पेल्टियर नावाची चकती असते. ही चकती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. पंख्याखालच्या खोलीत सुरतेच्या मे महिन्यात ३५ अंश असतील तर आत १५ ते २० अंश मिळणार, आणि त्या तापमानाला शैवालाची बाटली काही दिवसांत वास मारते. हा फ्रीज दार्जिलिंगला चालेल, सुरतेत नको. हॉटेलच्या खोलीत असतो तेवढा, ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसरवाला लहान फ्रीजच घ्यावा. तो टाकीखालच्या बंद कपाटात कोंबू नये. कोंडलेल्या हवेत त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि खाऱ्या वाफेने पत्रा गंजतो. टाकीला लागून, मोकळ्यावर ठेवावा.

नळी बाहेर काढायला भोक लागतं. अनेक लहान फ्रीजच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड वायूच्या नळ्या फिरवलेल्या असतात, आणि हल्ली त्यात आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू असतो. त्यामुळे बाजूला किंवा मागे ड्रिल लावणं धोक्याचं आहे. दारात सहसा नळ्या नसतात. भोक दारालाच पाडावं, नळी घालून भोवतीची फट सिलिकॉनने बुजवावी.

इथपर्यंतचं काम बरेच जण व्यवस्थित करतात. घोळ होतो तो पुढच्या मीटरभर नळीत. ३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत ७ मिलिलिटर पातळ खाद्य मावतं. एका वेळचा घास ५ मिलिलिटरचा असेल आणि घास दर चार तासांनी द्यायचा असेल, तर काय होतं बघा. पंप फिरतो तेव्हा टाकीत पडतात ते ५ मिलिलिटर फ्रीजमधले नसतातच. मागच्या खेपांना बाहेर येऊन खोलीच्या उबेत निदान चार तास नळीत पडून राहिलेलं खाद्य पुढे ढकललं जातं. रात्री ओट्यावर विसरलेलं दूध सकाळी चहात घालावं, तसा हा प्रकार. फ्रीज ४ अंशांवर उत्तम चालू असतो, बाटलीचा वास ताजा असतो, आणि प्रवाळाला मात्र रोज नासलेलं मिळतं. नळीच्या आतून बुळबुळीत थर चढतो, तो अधूनमधून सुटून टाकीत पडतो. फ्रीज बरोबर चालतोय म्हणून कोणी नळीकडे बघत नाही.

उपाय असा. नळी २ मिलिमीटरची घ्यावी. तिच्या मीटरभरात ३ मिलिलिटरच मावतात, आणि शैवाल, रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, आर्टेमियाच्या अळ्या तिच्यातून सहज जातात. पंप फ्रीजच्या दारावरच, भोकाला चिकटून बसवावा, म्हणजे बाटलीपासून पंपापर्यंतचा बहुतेक भाग थंडीत राहतो. पंपाच्या लगेच पुढे टी-जोड लावून त्याच्या दुसऱ्या तोंडाला आणखी एक पंप जोडावा. तो टाकीचं पाणी ओढतो. खाद्याचा घास गेला की हा दुसरा पंप दहा-पंधरा मिलिलिटर खारं पाणी ढकलतो आणि टी-जोडापासून टाकीपर्यंतची नळी धुऊन निघते. पुढच्या घासापर्यंत नळीत टाकीचंच पाणी असतं. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावं. ते बुडालेलं असेल आणि पंपाची पकड ढिली पडली, तर टाकीचं पाणी उलटं बाटलीत यायला लागतं.

पंप पेरिस्टाल्टिक जातीचा हवा. त्यात मऊ नळी फिरत्या रुळांखाली दाबली जाते आणि दाबलेला घास पुढे सरकतो. खाद्याला यंत्राचा भाग शिवत नाही, आणि पंप थांबला की रूळ नळी दाबूनच धरतो. तीच दाबली जाणारी नळी हळूहळू सैल होते, म्हणून मोजमाप अधूनमधून पुन्हा तपासावं लागतं. पंप एक मिनिट चालवून मापाच्या नळकांड्यात किती पडलं ते बघणं, एवढंच ते काम. बाटलीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक आणि त्यात कापसाचा बोळा हवा. नाहीतर बाटली आतून आक्रसत जाते, घास लहान-लहान होत जातो आणि नियंत्रकावरचा आकडा मात्र तोच दिसत राहतो.

बाटली स्थिर ठेवली की खाद्य तळाशी बसतं. रोटिफर तर लवकरच बसतात. मग पहिले काही घास दाट आणि नंतरचे नुसतं पाणी. चुंबकी ढवळणी बाटलीखाली ठेवून घासाच्या आधी एक-दोन मिनिटं हलकेच फिरवली की पुरतं. ती सतत जोरात फिरवली तर नाजूक जीव फुटतात आणि मोटरची उष्णता फ्रीजमध्येच साठते.

सगळ्यात महत्त्वाचा विचार यंत्र बिघडलं तर काय, हा आहे, आणि इथे माझं मत ठाम आहे. प्रवाळ काही दिवस उपाशी राहिलं तरी सावरतं. नासलेल्या खाद्याने टाकीतला प्राणवायू उतरला आणि अमोनिया वाढला, तर एका रात्रीत सगळं संपू शकतं. तेव्हा शंका आली की यंत्राने जेवण बंद करावं, अशीच त्याची रचना हवी. एक लिटरची बाटली लावली, पंप मिनिटाला ४० मिलिलिटर देतो आणि पंप चालू-बंद करणारा रिले चिकटून पंप चालूच राहिला, तर २५ मिनिटांत बाटली टाकीत रिकामी होते. रोज २० मिलिलिटर लागत असतील आणि पंधरा दिवस बाहेर राहायचं असेल, तर बाटलीत ३०० मिलिलिटरच भरावेत. म्हणजे काहीही बिघडलं तरी नुकसानीला तेवढीच मर्यादा. पंपाच्या नियंत्रकाला वीज वेगळ्या टायमरमधून द्यावी, त्यामुळे जेवणाच्या ठरावीक मिनिटांशिवाय त्याला वीजच मिळणार नाही. बाटलीशेजारी तापमापक ठेवून तो १० अंशांच्या वर गेला की पंप फिरू नये, अशी जोडणी करता येते. थोडंफार इलेक्ट्रॉनिक्स जमणाऱ्याला हे अवघड नाही. खाऱ्या पाण्याजवळ वीज आहे, तेव्हा अर्थिंग आणि गळतीच्या वेळी वीज तोडणारा ब्रेकर यांत काटकसर नको.

खाद्य वाढलं की पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणारच. फेसाबरोबर घाण उपसणारा प्रोटीन स्किमर घासानंतर तास-अर्धा तास बंद ठेवतात, नाहीतर तोच जेवून घेतो. तो पुन्हा आपोआप चालू झाला पाहिजे. घास किती द्यायचा ते पाण्याच्या चाचणीवरून ठरवावं, प्रवाळाच्या रंगावरून नाही. रंग उशिरा बोलतो. आणि पहिल्याच वर्षी डेंड्रोनेफ्थियाच्या नादी लागू नये. शैवाल बाळगणारी मऊ प्रवाळं दिव्यावर तग धरतात, तोवर यंत्र अंगवळणी पडतं.

नवी जोडणी आपण घरी असतानाच निदान दोन-तीन आठवडे चालवावी, रोज नळीचं टोक हुंगावं, बाटलीवर खुणा करून किती उतरलं ते बघावं. निघताना ज्यांच्याकडे किल्ली ठेवायची त्यांना प्रवाळाचं शास्त्र सांगत बसू नये. पंपाच्या स्विचवर लाल पट्टी चिकटवावी आणि सांगावं: पाणी दुधाळ दिसलं, वास आला किंवा फ्रीज बंद दिसला, तर फक्त हा स्विच बंद करा आणि फोन करा, बाकी कशालाही हात लावू नका.