आधी उतरण्याचं बघा

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या संगणकीय खेळाच्या हँगरमध्ये विमान जोडायला घेतलं की खाली डावीकडे तीन बटणं असतात. ती दाबली की विमानाच्या पोटात तीन गोळे उमटतात. पिवळा-काळा गोळा म्हणजे गुरुत्वमध्य, निळा म्हणजे पंखांची उचल जिथे एकवटते ती जागा आणि जांभळा म्हणजे इंजिनाचा रेटा. निळा पिवळ्याच्या किंचित मागे हवा, हा नियम कुणीही पाच मिनिटांत शिकतो. तो पाळून बांधलेलं विमान धावपट्टी सोडतं, कक्षेतही पोचतं आणि परतताना हवेत कोलांट्या खातं. कारण साधं आहे. हँगरमध्ये टाक्या भरलेल्या असतात. परतताना त्या रिकाम्या असतात आणि गोळे आपापल्या जागेवर राहिलेले नसतात.

म्हणून मी छोटं अवकाशविमान उलट्या टोकाने बांधतो. टाक्यांवर उजवी क्लिक करून इंधनाची पट्टी शून्यावर आणतो आणि पंख कुठे लावायचे ते त्या रिकाम्या विमानाकडे बघून ठरवतो. वर जाण्याचा विचार त्यानंतर.

हा खेळ मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीचा. फेलिपे फालांगे याच्या कल्पनेतून निघालेल्या या खेळाची पहिली सार्वजनिक आवृत्ती 2011 च्या जूनमध्ये आली, आणि 1.0 आवृत्ती 2015 च्या एप्रिलमध्ये. त्याआधीचं हवेचं गणित ढोबळ होतं. लोक विमानावर हवा ओढणारी डझनावारी तोंडं चिकटवत आणि विरळ हवेतही जेट इंजिन चालू ठेवत. 1.0 मध्ये हवेचा विरोध आकारावर ठरायला लागला, वातावरणात शिरताना चटके बसायला लागले आणि असल्या जुगाडांचे दिवस संपले. माझ्या मते लहान विमानाची खरी मजा तिथूनच सुरू झाली.

कर्बिन हा खेळातला ग्रह, त्रिज्या फक्त 600 किलोमीटर. हवा 70 किलोमीटरवर संपते आणि खालच्या कक्षेसाठी सेकंदाला साधारण 2,280 मीटर वेग पुरतो. आपल्या पृथ्वीला हाच वेग 7,800 मीटरच्या आसपास लागतो. म्हणूनच धावपट्टीवरून उडून, वाटेत काहीही न टाकता कक्षेत जाणारं आणि अखंड परत येणारं विमान तिथे जमतं, इथे अजून कुणालाही जमलेलं नाही. ब्रिटनमध्ये 1989 साली स्थापन झालेल्या रिअ‍ॅक्शन इंजिन्स या कंपनीने त्यासाठी सेबर नावाचं इंजिन आखलं होतं. ध्वनीच्या पाचपट वेगापर्यंत ते हवा ओढणार आणि पुढे रॉकेट म्हणून चालणार होतं. कंपनी 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. खेळातलं रेपियर इंजिन मात्र तेच काम रोज बिनतक्रार करतं.

माझं नेहमीचं विमान एका माणसाचं. पुढे हवा घेणारा टोकदार शॉक कोन, त्यामागे कॉकपिट, मग जेटसाठी द्रव इंधनाची एक टाकी, मग रॉकेटसाठी इंधन आणि ऑक्सिडायझरची एक टाकी, शेवटी एकुलतं एक रेपियर. एका ओळीत पाच वस्तू. पंख त्रिकोणी आणि आखूड, शेपटाला एक उभा पडदा, तीन चाकं.

आता हिशेब. हवा ओढत असताना हे विमान सेकंदाला 1,400 मीटरपर्यंत जातं. पूर्वेकडे उडालं की ग्रहाच्या फिरण्याचे 175 मीटर आयते मिळतात. कक्षेला 700 कमी पडतात. चढण आणि उरलीसुरली हवा धरून मी 1,000 मोजतो. रॉकेट म्हणून चालताना रेपियरचा विशिष्ट आवेग 305 सेकंद. त्सिओल्कोव्हस्कीच्या रॉकेट-समीकरणात हे आकडे घातले की वजनाचं गुणोत्तर 1.4 येतं. परतीला लागणारं थोडं इंधन धरून विमान 5 टनांचं असेल, तर रॉकेट पेटताना ते 7 टनांचं असायला हवं, म्हणजे 2 टन इंधन. एफएल-टी400 या टाकीत बरोबर तेवढंच मावतं. वजनात 100 किलोंची भर पडली की 40 किलो इंधन जास्त लागतं आणि त्यासाठी टाकीत जागा नसते. लहान विमानात शोभेची वस्तू टिकत नाही ती यामुळे. शिडी, दिवे, जास्तीची बॅटरी, सगळं हळूहळू गळून पडतं. जेटचं इंधनही मी टाकीभर घेत नाही. ऑक्सिडायझर संपल्यावर उरलेलं जेट इंधन अवकाशात निव्वळ ओझं असतं.

खरी डोकेदुखी शेपटाला आहे. रेपियर एकटं 2 टनांचं आणि ते अगदी मागच्या टोकाला. कॉकपिट साधारण 1 टनाचं. टाक्या भरलेल्या असतात तोवर मधलं इंधन तोल सावरून धरतं. ते जळून गेलं की गुरुत्वमध्य इंजिनाकडे सरकायला लागतो. पिवळा गोळा निळ्याच्या मागे गेला की विमान उलाळ झालेल्या बैलगाडीसारखं वागतं. नाक वर उठतं, हवा त्याला आणखी वर ढकलते आणि शेपूट पुढे यायला बघतं. ध्वनीच्या चौपट वेगात हे घडलं तर पंख जागेवर राहत नाहीत.

मग पंख मागे सरकवायचे. पण रिकाम्या विमानासाठी पुरेसे मागे नेले की भरलेलं विमान नाकजड होतं. धावपट्टी संपत आली तरी नाक उचलत नाही आणि पुढे समुद्र आहे. या दोन टोकांमध्ये जेमतेम हातभर जागा सापडते. मी नाकापाशी दोन छोटे पंख लावतो. ते उचल पुढे आणतात, म्हणून मुख्य पंख आणखी थोडे मागे. मागची चाकं गुरुत्वमध्याच्या अगदी लगेच मागे हवीत. फार मागे लावली की नाक उचलायला जोर पुरत नाही, पुढे लावली की विमान उभ्या जागी शेपटावर बसतं. आणि चाक एका अंशाने जरी तिरकं लागलं, तरी वेग वाढता वाढता विमान गवतात शिरतं.

पंख बसवताना त्यांची पुढची कड चार-पाच अंश वर झुकवतो. मग पंख उचल देत असताना धड सरळ वाऱ्याच्या रेषेत राहतं. उडताना एफ12 दाबलं की प्रत्येक भागातून बाण निघतात, लाल हवेच्या विरोधाचे आणि निळे उचलीचे. पंख सपाट लावलेले असतील तर धडातून निघालेला लांबलचक लाल बाण बघवत नाही. झुकवले की तो आखडतो. दुसरा मोठा लाल बाण रेपियरच्या मागच्या उघड्या टोकातून निघतो. त्यावर एक प्रसिद्ध युक्ती आहे. इंजिनाच्या मागे उलटा शंकू जोडायचा आणि सरकवून इंजिनाच्या पोटातच दडवायचा. खेळाला वाटतं शेपूट निमुळतं आहे. फायदा चांगलाच होतो. मला ही लबाडी वाटते आणि मी ती करतो.

चढाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रेपियर कमी वेगात सुस्त असतं, त्यामुळे आधी समुद्रावरून जवळजवळ आडवं जात ध्वनीचा वेग ओलांडायचा. त्यानंतर इंजिनाला जोर येतो. नाक दहा-बारा अंशांवर ठेवायचं आणि हात बाजूला घ्यायचे. वीस-बावीस किलोमीटरवर वेग वाढायचा थांबला की इंजिन रॉकेटवर टाकायचं.

परतताना हात बाजूला घेता येत नाहीत. कक्षेचा खालचा बिंदू तीसेक किलोमीटरवर आणला की विमान हवेत शिरतं. नाक तीस-चाळीस अंश वर धरून पोट पुढे करायचं, म्हणजे वेग उंचावरच मोडतो. हे करताना शेपूट आज्ञेत राहिलं, तर हँगरमधला हिशेब बरोबर होता. पश्चिमेचे डोंगर ओलांडले की धावपट्टी समोर येते. ती अडीच किलोमीटरची आहे आणि पंख आखूड असल्यामुळे विमान वेगात टेकतं.

आखूड पंखांची ही किंमत खऱ्या जगातही चुकत नाही. इस्रोच्या पुष्पक विमानाच्या उतरण्याच्या तीन चाचण्या 2023 आणि 2024 मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळ झाल्या. चिनूक हेलिकॉप्टरने त्याला साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर आलं. टेकतानाचा वेग ताशी 320 किलोमीटरहून जास्त होता. प्रवासी विमान साधारण 260 ने टेकतं. कक्षेत जाणं पुष्पकला अजून बाकी आहे. उतरण्याची घोकंपट्टी आधी झाली, हे बघून मला बरं वाटलं.

धावपट्टीवरच थांबलं तर खेळ विमानाची पूर्ण किंमत परत देतो, खर्च होतो तो जळलेल्या इंधनाचा. पट्टीपासून जितकं दूर उतराल तितकी कपात. रेपियर महागडं असल्यामुळे ही कपात झोंबते.

सध्या अडलं आहे ते जोडणीच्या दारापाशी. अवकाशस्थानकाला लागायचं तर ते हवंच. नाकावर लावावं तर शॉक कोनची जागा जाते आणि हवेची तोंडं बगलेत न्यावी लागतात, म्हणजे आणखी दोन लाल बाण. कॉकपिटच्या मागे, धडाच्या ओळीत बसणारं दार घ्यावं तर विमान लांबतं, मागच्या टाक्या आणि इंजिन आणखी मागे जातात, आणि इंधनाची पट्टी पुन्हा शून्यावर आणून गोळे बघावे लागतात. मी दुसऱ्याकडे झुकलो आहे. वजन वाढतं ते जेटच्या इंधनातून कापून काढेन.