समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा काठ
सुट्टीचा मुलूख : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत होतो. लोक तिथे जातात समुद्रासाठी, पण मन रमतं ते गावच्या रात्रीच्या सामूहिक नाचात, ‘फेस्त-नोझ’मध्ये. २०१२ साली युनेस्कोने या नाचाची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण पाण्याचा काठ आहे आणि त्या काठावर आपली रीत जपणारा समाजही आहे. अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा म्हणजे डांगाण.

भंडारदरा माहीत नाही असा नगरकर विरळा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि राहुरी-श्रीरामपूरचा ऊस या पाण्यावर उभा राहिला. जलाशयाच्या एका टोकाला धरण, दुसऱ्या टोकाला रतनवाडी आणि तिथलं अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर. पुढे घाटघरला जमीन एकदम संपते. कड्यावरून खाली कोकण दिसतं. एवढं बहुतेकांनी पाहिलेलं असतं.

राहून जातात ती इथली माणसं. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे. उन्हाळ्यात या भागात बोहाडा होतो. रात्री सांबळ आणि सनई सुरू झाली की गणपती, नरसिंह, रावण अशी सोंगं एकामागून एक नाचत येतात. अनेक ठिकाणी ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं असतं. मुखवटा जड, तोल सांभाळत पावलं टाकायची, आणि समोर सगळं गाव बसलेलं. फेस्त-नोझसाठी जग ब्रिटनीला जातं. बोहाड्याला आपल्याच जिल्ह्यातून फारसं कुणी येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. पेढ्यांसाठी राजूरला थांबणाऱ्यांनी एकदा त्या मैदानातही जावं. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके असलेल्या डांगी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला की किंचित तेलकट लागतो. कातडीतून स्रवणाऱ्या या तेलकटपणामुळे पावसाचं पाणी अंगावर ठरत नाही. काळे, टणक खूर चिखलाला दाद देत नाहीत. घाटघरच्या धुवांधार पावसात भाताची खाचरं चिखलायला असाच बैल लागतो. आवणीच्या दिवसांत, जुलैमध्ये, बांधावर उभं राहून हे काम बघा. शहरातल्या मुलांना तांदूळ कुठून येतो ते पुन्हा सांगावं लागणार नाही.

काजव्यांबद्दल मात्र थोडं कडक बोलायला हवं. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचा संकेत असतो. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाईलच्या बॅटऱ्या त्यांच्यावर पडल्या की मीलन बिघडतं आणि पुढच्या वर्षीचे काजवे घटतात. हे अभयारण्य आहे. दिवे बंद ठेवता येत नसतील, तर त्या दिवसांत जाऊच नये.

राहायचं तर गावात, एखाद्या घरी राहा. नाचणीची भाकरी, पावसाळ्यात चाईची किंवा भारंगीची भाजी आणि काळभाताचा वास. असं गावरान बियाणं जपणाऱ्या, पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. निघताना घरधनिणीकडून हातसडीचा तांदूळ विकत घ्या, आणि भावात घासाघीस करू नका.

नगरहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. घाटघर-रतनवाडीकडे मोबाईलला नेहमी रेंज मिळतेच असं नाही, तेव्हा मुक्कामाचं आधीच बोलून ठेवा. पुढच्या भागात पाचनई आणि हरिश्चंद्रगड.