भागाकारांतील शून्य

वरच्या इयत्तांत आलेल्या मुलांसही मोठा भागाकार पाहतांच धास्ती वाटते. वस्तुतः ह्या रीतींत नवें असें कांहींच नाहीं. भाग घालणें, गुणणें, वजा करणें व पुढचा अंक खालीं उतरविणें, एवढ्याच चार गोष्टी पुनःपुन्हां करावयाच्या. आमच्या पाहण्यांत बहुतेक चुका होतात त्या शून्याच्या जागीं.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं १८ कुटुंबांस कांद्याच्या विक्रीचे ३,६८० रुपये सारखे वांटावयाचे आहेत असें समजूं. ३६ शतकांस १८ नें भागतां २ आले; बाकी कांहीं उरली नाहीं. मग ८ उतरविला. त्यांत १८ चा भाग जात नाहीं. येथें घाईचा विद्यार्थी भागाकारांत शून्य न मांडतांच पुढचा अंक उतरवितो, ८० ला १८ नें भागून ४ मांडतो आणि उत्तर २४ सांगतो. खरें उत्तर २०४, बाकी ८. एका शून्याच्या विस्मरणानें प्रत्येक घराचे १८० रुपये बुडाले!

म्हणून ताळा पाहावा. १८ × २०४ = ३,६७२; त्यांत बाकी ८ मिळवितां मूळ रक्कम येते. इ. स. ११५० त रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत भास्कराचार्यांनींही भागाकाराचें मर्म गुणाकारांतच दाखविलें आहे.

पालकांनीं मुलांकडून रोज दोन भागाकार ताळ्यासह करवावे. आज ७,२१४ ला २४ नें भागून पाहा. शून्यें मात्र विसरूं नका. आपली चूक आपणच शोधण्याची संवय जन्मभर उपयोगी पडते.